कुंभारणीचं घर फोडायचं नाही

सुमन,

काल तुझी तेरवी झाली. वांग्याची भाजी झकास जमली होती, बट्ट्या पुरल्या, आणि जाताना प्रत्येकजण तुझ्याबद्दल काही ना काही चांगलं बोलून गेला. तू असताना ज्या बाया तुझ्या शिवणाच्या छपरीत पाय टाकायच्या आधी वर पत्र्याकडे बघायच्या आणि मग तुझ्याकडे, त्यासुद्धा "लय मायाळू होती हो सुमनबाई" म्हणत डोळ्याला पदर लावत होत्या. तू माझ्या कानाशी लागून म्हणाली असतीस, "वैनी, इचा ब्लाउज मी दोनदा उसवला, तरी ही मलेच बोलली व्हती." मग हसू दाबताना आपण दोघी पकडल्या गेलो असतो. नणंद-भावजय एकत्र हसताना दिसल्या की आपल्या गावाला उगाच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

पण मी तेरवीचं जेवण सांगायला बसलेले नाही. तुझ्यामागे या घरात जे रण माजलं ते तुला माझ्याच तोंडून कळायला हवं. दुसऱ्या कोणी सांगितलं तर माझी बाजू गाळून सांगतील.

राख सावडून माणसं घरी आली, त्यांचा चहा अजून उकळतच होता, आणि इकडे तुझ्या माश्यांवर पंचायत बसली. तेरवीला पाहुणे येणार म्हणून घराला चुना मारायचा. मग तुझ्या खोलीतली आणि छपरीतली माश्यांची घरं ठेवायची की फोडायची? गोदाकाकींनी, म्हणजे माझ्या चुलतसासूबाईंनी, निकाल आधीच लावून आणला होता. "फोडून टाका. थ्या बाईसंगच गेलं समजा." आपला प्रवीण म्हणाला, "हाव ना आई, एवढे लोक येतीन, कोणाले चावली तं?" तुझे दादा नेहमीप्रमाणे पायातली चप्पल निरखत बसले होते. सख्ख्या बहिणीचा विषय निघाला की तुझ्या दादांना चप्पल फार आवडते.

मी म्हणाले, "एकही घर फुटणार नाई."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांचंही बरोबर आहे. इतकी वर्षं "हाकला या माश्या, जाळा ते पोळं" म्हणून ज्या बाईने हे घर डोक्यावर घेतलं होतं, ती बाई मीच. सुमन गेली आणि हिच्या अंगात आली, असंच त्यांना वाटलं असणार.

अंगात कोणी आलेलं नाही. गांधीलमाशी मला आजही आवडत नाही. हे स्पष्ट सांगते, नाहीतर तू तिकडे म्हणत बसशील की वैनी शेवटी सुधारली. मी सुधारलेली नाही. मी चिडलेली आहे.

तू माहेरी परत आलीस तेव्हा या छपरीत एकही पोळं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तू शिलाई मशीन मांडून बसलीस आणि पुढच्याच उन्हाळ्यात पत्र्याखालच्या आडव्या लाकडाला गांधीलमाशीने पोळं टांगलं, बरोबर तुझ्या डोक्यावर, लहानशा छत्रीसारखं. मी खराटा घेऊन धावले. तू खुर्चीवरून न उठता म्हणालीस, "राहू द्या वैनी. थे वर, आपून खाली. तिचं काय नडलं तुमच्याशी?" मग तुझ्या खोलीत कुंभारीण माशी आली. बारीक कमरेची, लांब पाय खाली सोडून उडणारी, तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन येणारी. माती लिंपताना ती स्वतःशीच गुणगुणते, हे तू मला भिंतीला कान लावायला लावून ऐकवलंस. मोरीजवळचा रांजण गळायचा, तिथल्या चिखलातून ती माती न्यायची, आणि तेवढ्यासाठी तू तो फुटका रांजण बदलू दिला नाहीस. मग मागच्या लिंबावर लहान माश्यांनी मोहोळ धरलं. मध काढणारे दारात आले की तू हातातली कात्री तशीच घेऊन उभी राहायचीस. एवढीशी बाई, पण ते मुकाट्याने पुढच्या घरी जायचे. आपल्या झाडावरचा मध आपण कधी चाखला नाही, आणि प्रवीणला खोकला झाला की धाडच्या बाजारातून मध विकत आणला. याहून मोठा येडेपणा मी आजवर पाहिलेला नाही.

बरं, त्या चावत नव्हत्या असंही नाही. चांगल्या चावायच्या. माप द्यायला आलेल्या बाईने हात वर केला की तो नेमका पोळ्याकडे जायचा. म्हणून तू सांगायचीस, "हात खालीच असू द्या, मी अंदाजानं घेते." त्या अंदाजापायी तुझे ब्लाउज सगळ्या गावाला काखेत दाटायचे. कोणाला चावलीच तर तू कात्रीचं थंड लोखंड त्या जागेवर घासायचीस, वर चुना लावायचीस आणि त्या बाईलाच दटावायचीस, "तुमी काऊन हात उचलला पण?" इतकं करून बाया तुझ्याचकडे यायच्या. का यायच्या ते मला पहिल्यांदा कळलं नाही. पुढे कळलं. घरी जे बोलता येत नाही ते तुझ्या छपरीत बोलता यायचं, कारण त्या पोळ्याच्या भीतीने कोणाची सासू तिथे फिरकत नव्हती.

आपलं खरं भांडण झालं ते मशीनच्या चाकावरून. त्या वर्षी तू बालाजीच्या यात्रेला देऊळगाव राजाला गेलीस आणि मावशीकडे मुक्काम केलास. तेवढ्यात कुंभारणीने मशीनच्या खालच्या मोठ्या चाकात, लोखंडी पायाला धरून, मातीचं घर बांधून टाकलं. तू आलीस, वाकून पाहिलंस आणि मशीनवर चादर टाकलीस. शेजारच्या वंदनाचं लग्न तोंडावर होतं. तिचे, तिच्या आईचे, मावश्यांचे सगळे ब्लाउज तुझ्याकडे होते.

"चाक फिरलं का तिचे लेकरं गेले, वैनी."

"आन् वंदनाचं लग्न?"

"हातानं शिवते."

आणि खरंच शिवायला बसलीस. सुई, दोरा, बोटाला टोपण, मान खाली. वंदनाची आई रोज यायची, चादर घातलेल्या मशीनकडे बघायची, कपाळावर हात मारून जायची. मी तुला म्हणाले, "माशीपायी गिऱ्हाईक घालवशीन, येडी झाली का तू?" दाताने दोरा तोडत तू म्हणालीस, "गिऱ्हाईक गेलं तं दुसरं येते. हे लेकरं गेले तं हेच येतीन का?" त्यावर आपण बोलणं टाकलं. चूल एकच, पण तुझा चहा वेगळ्या भांड्यात आणि माझा वेगळ्या. तुझे दादा दोन्हीकडचा चहा पिऊन खूश होते.

वंदना त्याच हाताने शिवलेल्या ब्लाउजात बोहल्यावर उभी राहिली. तुझ्या हातचा तो एकच ब्लाउज काखेत दाटला नाही. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. भांडण चालू होतं ना.

पुढे त्या मातीच्या घराला गोल भोकं पडली आणि पिल्लं उडून गेली. मी म्हणाले, झालं, आता तरी फोड, मोकळं झालं ते. तू सुरीच्या टोकाने ते अख्खंच्या अख्खं सोडवलंस आणि नेऊन आपल्या खोलीच्या कोनाड्यात ठेवलंस. मला राग आवरेना. "मोकळं झालंय ना ते! कायले जपून राह्यली?"

तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "मोकळं झालं म्हून घर नसते का वैनी?"

माझ्या तोंडाला गाव भितं, पण तेव्हा मी म्हणाले, "कुंभारणीलेच विचार," आणि निघून गेले. त्यानंतर कितीदा तरी हा वाद निघाला. दिवाळीच्या झाडलोटीला, पाहुणे यायचे असले की, चुना मारायचा असला की. मी म्हणायची, भरलेली ठेव बापा, पण मोकळी तरी काढ. तू तोच प्रश्न विचारायचीस आणि मी दर वेळी दुसरं काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची. शिळ्या कढीला ऊत आणायचा आणि ती कोणीच प्यायची नाही, असं ते चाललं होतं.

त्या प्रश्नाच्या मागे काय होतं ते तू मला एकदाच सांगितलंस, गवारीच्या शेंगा मोडता मोडता. आपल्याकडे बाया मानतात की कुंभारणीने ज्या खोलीत घर केलं तिथे पाळणा हलतो. डोणगावला, तुझ्या सासरी, नव्या नवरीच्या पहिल्याच पावसाळ्यात तुझ्या खोलीत तिने घर केलं. सासू हरखली. जाळी झाडायलासुद्धा कोणाला आत जाऊ देईना. पाळणा काही हलला नाही. पुढच्या पावसाळ्यात दुसरं घर झालं, मग आणखी एक. कुंभारीण आपल्या नेमाला चुकत नव्हती. सासू म्हणायला लागली, माशीसुद्धा फसली या बाईले. आणि नवऱ्याचं दुसरं लग्न ठरलं त्या दिवशी तिने चुलीजवळचं उलथणं आणलं आणि भिंतीवरची सगळी घरं खरवडून काढली. जुनी मोकळी होती. नवं भरलेलं होतं.

"त्यातून अळ्या निंगाल्या वैनी," तू म्हणालीस. "पांढऱ्या, तांदळावाणी. जमिनीवर वळवळून राह्यल्या व्हत्या. सासूनं केरात लोटल्या. सवत येणार व्हती, त्याचं मले एवढं नाई वाटलं. मी पिशवी भरली आन् ष्टँडवर येऊन बसली."

तू शेंगा मोडत राहिलीस, मीही मोडत राहिले. त्या दिवशी गवार इतकी झाली की दुसऱ्या दिवशीही तीच खावी लागली, आणि तुझे दादा कुरकुरले तेव्हा दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं.

आता तुला कळेल की पंचायतीत मी का उभी राहिले. आणि अजून पुरतं कळायचं आहे, कारण काकींचं खरं कारण पाहुणे नव्हतंच. संध्याकाळी त्या चुलीपाशी माझ्याजवळ सरकल्या. तुझी खोली आता प्रवीण आणि अश्विनीला द्यायची हे घरात आपोआपच ठरलं होतं. त्यांच्या लग्नाला अजून दुसरी दिवाळीही आलेली नाही. काकी हळूच म्हणाल्या, "थ्या वांझोटीच्या खोलीतले घरं हायेत थे. खोटे घरं. सुनेले खोली देयाच्या आंधी फोड, नाईतं तिचंही तसंच होईन."

सुमन, तुझी कात्री अजून मशीनवर तशीच पडली होती. तिच्यात तुझ्या शेवटच्या कापडाचा धागा अडकलेला होता.

मी परात खाली ठेवली. म्हणाले, "काकी, तिनं शिवलेल्या झबल्यात या गावचे लेकरं रांगले. तुमचे नातूही त्यातच हायेत. तो शब्द पुन्हा या घरात काढला, तं मी वय पाह्यणार नाई." काकी उठल्या, पदर झटकला, आणि भाऊबंदांच्या घरोघरी सांगून आल्या की थोरली सून बिघडली. बिघडू दे. या वयात बिघडायचं नाही तर कधी बिघडायचं?

कोणी असंही उठवलं की त्या माश्यांनीच तुला खाल्लं. तुझ्या छातीत कळ आली, सुमन, आणि बुलडाण्याच्या वाटेवर जीपमध्ये माझ्या मांडीवर तू गेलीस. माशीचा काय संबंध? मी पदराने वारा घालत होते आणि तू म्हणालीस, "मशीनवर चादर टाकजा वैनी." मला वाटलं परत येऊन शिवायचं म्हणून सांगतेस. मला खरंच तसं वाटलं गं. तुझं डोकं किती जड झालं होतं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मांडीला ते ओझं अजून जाणवतं. जेवायला बसले की जाणवतं.

आणि हे लोक माश्यांचं नाव घेतात! तुला आयुष्यात माश्या जेवढ्या चावल्या, त्याच्या कितीतरी पट माणसं चावली. त्यांच्यावर कधी कोणी धूर केला नाही.

दहाव्याला नदीवर गेलो. आपल्यात बाया तिथे लांब झाडाखाली बसतात, तशी मी बसले. प्रवीणने केस काढले होते; लहानपणी तू त्याच्या डोक्याला तेल चोपडायचीस तसं ते डोकं उन्हात चमकत होतं. पिंड मांडला, पानावर भात, दही, आणि तुझ्या आवडीची म्हणून धाडची जिलेबी. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एकही खाली उतरेना. ऊन चढत गेलं. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. तिची इच्छा राहिली, कोणीतरी म्हणालं. झालं, सगळे तुला वचनं द्यायला लागले. तुझे दादा हात जोडून म्हणाले, "सुमे, तुह्या नावानं देवळाले घंटा देतो." कावळा हलला नाही. देवळात घंटा आहे की. प्रवीण रडत म्हणाला, "आत्या, तुहा फोटू मोठा करून लावतो." कावळ्याने चोचीने पंख साफ केले. इकडे बायांमध्ये काकी पुटपुटल्या, "लेकरू नाई झालं, थेच राह्यलं तिच्या मनात."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. काकींची तर दुसरं कोणी मेल्यावरही जात नाही.

मी उठले. सरळ पुरुषांच्या घोळक्यात शिरले. "वैनी, बायानं तिथं..." असं कोणी तरी म्हणालं, त्याचं वाक्य तसंच राहिलं. मी पानासमोर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुमन, तुह्या खोलीतलं एकही घर फुटणार नाई. भरलेलं नाई, आन् मोकळंही नाई. आयकलं का?"

कावळा आला नाही. खोटं कशाला सांगू? आली ती एक गांधीलमाशी. पिवळीधमक. पानाभोवती एक फेरी मारली, जिलेबीवर उतरली आणि पाकात तोंड घातलं. मग दुसरी आली.

मग वाद पेटला. "माशी शिवली तं चालते का?" "कुठी चालते! कावळाच पाह्यजे." "दर्भाचा कावळा करा अन् मोकळे व्हा." क्रिया सांगणारे महाराज पानाकडे बघत होते, सूर्याकडे बघत होते.

"चालते," मी म्हणाले.

एक चुलतदीर म्हणाला, "वैनी, थे पाकासाठी आली."

"आन् कावळा कायच्यासाठी येते बाप्पा? भातासाठीच ना?"

महाराजांनी मिशीत हसू दाबलं की ऊन लागत होतं म्हणून तोंड वाकडं केलं, ते मला सांगता येणार नाही. ते म्हणाले, "चला, आवरा आता."

मला ठाऊक आहे, ती पाकासाठीच आली होती. बाजारात जिलेबीच्या कढईवर त्या घोंगावतच असतात, आणि तू त्यांच्यातून हात घालून जिलेबी उचलायचीस, तेव्हा मी दोन दुकानं मागे सरकून उभी राहायची. चमत्कार-बिमत्कार मी मानत नाही. पण तुझं पान त्यांनी उष्टं केलं. तो मान त्यांचा आहे, आणि तो मी कोणाला काढून घेऊ देणार नाही.

मग चुना मारायला सलीमभाई आले. तुझ्या खोलीत गेले आणि डोकं खाजवत बाहेर आले. "भाभी, भिंतीवर तं पुरी बस्ती हाय. खरडू का?" मी नाही म्हणायच्या आत काकी हजर. हातात उलथणं. उलथणंच, सुमन! इतक्या वर्षांनी, डोणगावहून इतक्या लांब, तेच हत्यार. मी दारात आडवी झाले. काकींना हात लावायची वेळ आली असती तर लावला असता, एवढी तयारी होती माझी.

पण वेळ आली नाही. माझ्या पाठीमागून अश्विनी आली. तीच अश्विनी, जी लग्न होऊन आली तेव्हा डोक्यावर पदर घेऊन छपरीतून धूम पळायची, आणि तू मशीनवरून ओरडायचीस, "पळू नको वो बाई, चाल! पळणाऱ्याच्याच मांगं लागते थे!" ती काकींसमोर येऊन उभी राहिली. पाय जागचे हलले नाहीत.

"आजी, खोली आमची हाय ना? मंग भिंतही आमचीच."

"पोरी, तुह्या भल्याचं सांगून राह्यली मी."

"माहं भलं माह्यासंग ठेवा. उलथणं चुलीपाशी ठेवा."

मग तिने सलीमभाईंकडून बारीक कुंचला मागून घेतला आणि एकेका घराच्या कडेने स्वतः चुना लावत बसली. तू काज करताना जीभ बाहेर काढायचीस तशी तिची जीभ बाहेर आली होती. कोणाकडून शिकली ते तू मला सांगायची गरज नाही. मी मागे उभी राहून पाहत होते आणि पहिल्यांदा, तू गेल्यापासून पहिल्यांदा, मला मोकळेपणी रडू आलं. सलीमभाई बिचारे भिंतीकडे तोंड करून काम करत राहिले.

तर आता तुझी खोली पांढरीशुभ्र आहे, आणि तिच्यावर तुझी मातकट वस्ती जशीच्या तशी. कोनाड्यात चाकातलं ते घर आहे. छपरीत पोळं आहे, लिंबावर मोहोळ आहे. मशीनवर चादर टाकली आहे. रांजण गळतोच आहे.

काल जेवणं झाल्यावर बाया तुझ्या खोलीत टेकल्या होत्या. सुपारी कातरणं चाललं होतं. तेवढ्यात दारातून कुंभारीण आली, तोंडात मातीची गोळी. अडकित्ते थांबले. तिने नव्या चुन्याची भिंत हुंगल्यासारखी केली, एकेका घरावरून फिरली आणि कोनाड्यात शिरली. चाकातल्या त्या घराच्या एका भोकात डोकं घालून तिने आत पाहिलं, बाहेर आली, आणि त्याच भोकाच्या काठाला माती लिंपायला बसली. गुणगुणत. जुनं, मोकळं, मी इतकी वर्षं फोड फोड म्हणत होते तेच घर.

आणि बायांनी काय केलं असेल? सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, अश्विनीच्या पोटाकडे. काकींची सगळ्यात आधी. पोरीने पदर पुढे ओढला.

"तिकडं काय पाह्यता?" मी म्हणाले. "माशी इकडं हाय."

सुपारी पुन्हा कातरली जाऊ लागली. अश्विनीने पदर सोडला आणि कोनाड्याकडे तोंड करून बसली. या खोलीत पाळणा हलेल किंवा हलणार नाही. त्याचा हिशेब भिंतीकडे कोणी मागायचा नाही आणि पोरीकडे तर नाहीच. मागायचा असेल त्याने आधी माझ्याशी बोलावं.

वाद आपला राहूनच गेला होता. तू मला म्हणाली होतीस, मोकळं झालं म्हून घर नसते का. मी कुंभारणीलेच विचार म्हणून निघून गेले होते. तिला काल सगळ्यांच्या देखत विचारून झालं. असते, सुमन. मोकळं असलं तरी असते. आता जो कोणी नाही म्हणेल, त्याला माझ्या दारात येऊन म्हणू दे. वर पोळं आहे, आणि खाली मी आहे.